उघाडीवरची नजर

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अमावास्येचं उधाण आलं की मी कशेळीच्या गोडाऊनमधून सुट्टी काढते आणि आपल्या खाराच्या शेतावर येते. भरती चढायला लागली की बांधातल्या दाराच्या, उघाडीच्या, फळ्या खाली टाकायच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत शिरत नाही. ओहोटी लागली की उचलायच्या, म्हणजे आतलं पावसाचं पाणी निघून जातं. भात आता कोणी लावत नाही. पण शेताच्या मागे लूमवर काम करणाऱ्या मजुरांच्या खोल्या झाल्यात, आणि उघाडी नीट चालली नाही तर पाणी थेट त्यांच्या घरात जातं.

मी लहान असताना एकदा भरती चढत होती आणि मी आपली बगळे बघत बसले होते. तुम्ही माझा कान चांगलाच पिळलात. "पानी चढतंय तवर नजर काढायची न्हाय, बाय. एक फळी सरकली की बांध गेला." संध्याकाळी मात्र आईच्या आणि दादाच्या समोर म्हणालात, "उघाडी हिची हाय. हिला इचारल्याबिगर कोनी हात लावायचा न्हाय." दादा हसला होता. मी त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला.

आज दादा आला. बांधाखाली भरावाचा डंपर उभा आहे. जमीन गोडाऊनसाठी द्यायचं ठरलंय, फक्त माझी हक्कसोडाची सही राहिलीय. आपल्यात बहिणीने सही द्यायची, साडी घ्यायची आणि भाऊबीजेला हसत ओवाळायला यायचं; आत्यांनीही तेच केलं. दादाने साडी आणलीही होती. रंग नेमका माझ्या आवडीचा, त्याचाच मला जास्त राग आला.

"उघाडी बुजवणार?" मी विचारलं.

"बुजवायलाच लागंल. ट्रेलर कुठून जानार?"

"आणि मागच्या खोल्या?"

"भाडोत्री हायेत ते. आज हितं, उद्या दुसरीकडं."

तेवढ्यात मागच्या खोलीतल्या बाईने दारातून हाक मारली, "दीदी, आज पानी अंदर आएगा क्या?"

"नहीं आएगा," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर मला कळलं की मी सही देणार नाही. दादालाही कळलं. त्याने साडीची पिशवी बांधावर ठेवली. "मंग भाऊबीजेला येऊ नको," एवढंच बोलला. आवाज चढवला असता तर मी भांडले तरी असते. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे दादाच, हे त्यालाही माहीत आहे.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. पाणी वरच्या फळीला लागत होतं, आणि मी उघाडीवरून नजर काढली. दादाची मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहिले. तो एकदा तरी मागे वळून बघेल, असं वाटलं होतं.