आमच्या निंबाचा ओटा

१५ एप्रिल
हुकूम निघाला. रस्त्याकडेच्या झाडांना आवळून बसलेलं सिमेंट फोडायचं. काम सूनबाईच्या हाती. नगर परिषदेत झाडांच्या खात्यात लागल्यापासून वैशालीचं एवढं मोठं काम पहिलंच. छाती फुगली. जेवताना विचारलं, सुरुवात कुठून? "आपल्याच गल्लीतून, मामाजी. तुमच्या निंबापासून." घास हातातच राहिला. निंबाभोवतीचा तो सिमेंटचा ओटा आम्ही म्हाताऱ्यांनी वर्गणी करून बांधला. आता संध्याकाळी बसायचं कुठे? आणि ओटा काढल्यावर झाड वाऱ्यात पडलं तर? बाजूलाच विजेच्या तारा.

१६ एप्रिल
किसनराव दुकान मुलावर सोडून दिवसभर ओट्यावर असतो. आज सगळ्यांसमोर म्हणाला, "काऊन रे महादेव, तुही सून आपल्या बुडाखालची जागा काढून राह्यली, अन तू घरात मुका?" सगळे हसले. उद्या नगर परिषदेच्या साहेबाकडे तक्रारीला जायचं, तूही चाल. हो म्हटलं. हो कसं म्हटलं?

१७ एप्रिल
गेलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं. दुपारी खरंच बिघडलं.
ते गेले. साहेबांनी वैशालीला बोलावलं. मला विचारायची हिंमत नव्हती, तीच बोलली. "निंबाची एक बाजू यंदा फुटलीच नाई, मामाजी. मुळाले श्वास नाई. साहेबाले म्हटलं, ओटा फोडून राह्यली मी, झाड नाई. वाळलं तर माह्यावर टाका."
हे बोलायची काय गरज होती? आता झाड वाळलं तर सगळं हिच्यावरच.

२१ एप्रिल
फोडला.
ठेकेदार मशीन घेऊन आला, तिने परत पाठवलं. मुळं तुटतील म्हणे, छन्नी-हातोड्यानेच करा. डांबर चपलेला चिकटत होतं. ऊन लागू नये म्हणून मी तिला खिशात ठेवायला कांदा दिला, दोनदा ताक नेलं. ती उकिडवी बसून माणसांना दाखवत होती, कुठे मारा, कुठे नको.
मातामायचा, गल्लीच्या देवीचा, दगड ओट्यातच सिमेंटात पक्का. किसनराव आडवा आला. "मायले हात लावला तर पाहा!" वैशालीने वाद घातला नाही. त्याच्याच घरात गेली आणि त्याच्या बायकोला, कमलाबाईला, हाताला धरून घेऊन आली. कमलाबाईने डोक्यावर पदर घेतला. "मी लग्न होऊन आली तवा माय मातीतच होती. सिमिट तं तुम्हा बुढ्यायनं टाकलं." दगड मोकळा झाल्यावर तिनेच उचलला, काम झाल्यावर तिनेच मातीत बसवला.
आत मुळं गोल गोल वळलेली, तंग बुटात बोटं मुडपतात तशी. मी बसायचो त्याच्या बरोबर खाली. पाहवेना.
पण पोरीने काम काय केलं! साहेब स्वतः येऊन पाहून गेले.

२८ एप्रिल
भोवती माती, वर पालापाचोळा. नगर परिषदेने बाक दिला, बुंध्यापासून लांब. किसनरावने तरी मातीवरच खुर्ची टाकली. मी उठवलं. माती दबते. "नगर परिषदेनं चौकीदार ठेवलं काय तुले?" हो म्हटलं.

९ मे
दुपारी वादळ. खिडकीतून हललो नाही. वैशाली म्हणाली, "मामाजी, जेवून तरी घ्या." निंब पार वाकला. तारांपर्यंत... नाही. उभा आहे. मग जेवलो.

१४ मे
न फुटलेल्या बाजूची ती फांदी अजून उघडीच. वैशाली म्हणते, दोन पावसाळे जाऊ द्या. या वयात मला दोन पावसाळे सांगते! लोक तोंडावर बोलत नाहीत, पण येता-जाता वर पाहतात. मीही पाहतो.

१८ मे
किसनरावने बाजूला घेतलं. आवाज एकदम बारीक. "आमच्या दारातल्या करंजाचा ओटा केवा फोडते, इचारजो सुनेले." म्हटलं, नंबर लागेल तेव्हा. घरी येईपर्यंत हसू दाबून ठेवलं.
परतताना वर पाहिलं. त्या फांदीच्या टोकाला काही तांबूस आहे. पालवी, की कावळ्याने नेलेली सुतळी? चष्म्याने कळेना, उजेडही गेला. वैशाली आत पोळ्या करते आहे. तिला आज सांगत नाही. उगाच आशा लावायची आणि...
सकाळी उन्हात पाहीन.