तात्यारावांकडे काही टाकत नाहीत

३ नोव्हेंबर
स्टुडिओ सापडला! बँकेची नोकरी सोडून महिना झाला. या महिन्यात पुण्यातले स्टुडिओ पाहून जेवढं हसलो तेवढं बँकेत सहा वर्षांत हसलो नव्हतो. कर्वेनगरात एक आहे. सोफा, एसी, कॉफीचं मशीन आणि 'भावा, आधी व्हाइब पकडू' म्हणणारा मालक. बाबा रे, व्हाइब तू पकड, मी सूर पकडतो. नारायण पेठेतला दुसरा म्हणाला, कसंही गा, मशीन सुरात आणतं. मग मशीनलाच गाऊ दे की, मी कशाला येऊ?

तिसरा कसब्यात, तांबट आळीत. दिवसभर तांब्यावर हातोडे पडतात त्या आळीत स्टुडिओ काढणारा माणूस आहे तरी कोण, हे बघायलाच गेलो होतो. तात्याराव. सत्तरीच्या पुढचे, भर दुपारी स्वेटर. म्हणाले, "चपला बाहेर काढा. मतं आत आणलीत तरी चालेल." गाण्याच्या खोलीचं जाड दार ओढलं आणि हातोडे बंद! शेजारच्या भिंतीवर ठोकाठोक चालू आहे आणि आत स्वतःचा आवंढा ऐकू येतो. आतल्या भिंतीवर पाटी: 'येथे गायलेले टाकले जात नाही. आग्रह करू नये.' पाटीशिवाय पुण्यात काही उघडतच नाही. तात्यारावांनी एकच विचारलं, कुठलं गायलेलं ठेवायचं ते आपण निवडणार की आम्ही? मी म्हटलं, मीच. दुसऱ्याच्या कानावर माझा विश्वास नाही. त्यांनी मान डोलावली.

पूर्वाला फोन करून सांगितलं. पूर्वा माझी बायको आणि गाणं तिच्यावरच आहे, त्यामुळे तिला आनंद होणं भागच होतं.

५ नोव्हेंबर
पहिला टेक. दुसऱ्या ओळीत वरच्या सुरावर आवाज फाटला. नेहमीच तिथे फाटतो, वंगण न घातलेल्या बिजागरीसारखा. काचेपलीकडच्या तात्यारावांकडे बघून मी दोन बोटं उडवली, माशी हाकलतात तशी, आणि म्हटलं, हा टाका. ते बोलायच्या बटणावर बोट ठेवून म्हणाले, "आपण नको म्हणालात. ऐकलं."

पुन्हा गायलो. फाटला नाही! इतकी वर्षं जे जमलं नाही ते एका फटक्यात. फक्त हेडफोनमध्ये माझ्यामागून एक श्वास येत होता. मशीन म्हातारं आहे, मालकासारखंच.

६ नोव्हेंबर
पूर्वाला गाऊन दाखवलं. ती म्हणाली, ते फाटणारं कुठे गेलं? कॉलेजच्या गॅदरिंगला त्या फाटणाऱ्या आवाजाकडेच तिने पहिल्यांदा वळून बघितलं होतं म्हणे. तो पहिला टेक घेऊन ये म्हणाली. ही गाण्यातली जाणकार! डोअरबेलची धून निवडायला हिला दोन रविवार लागले होते.

तिच्या समाधानासाठी मुद्दाम फाडून गायला गेलो. जमेना. चहा थंड होईपर्यंत प्रयत्न केला. बरंच झालं म्हणा, दोष गेला.

१० नोव्हेंबर
आज चार टेक. एक रडका, एक उतावळा, एकात शेवटी हसू फुटलं, एक नुसताच गोड. चारही टाकले. पाचव्या वेळी हेडफोनमध्ये कोणीतरी माझ्याआधी ओळ सुरू केली. माझाच आवाज. दुसऱ्या ओळीत फाटलासुद्धा.

बाहेर येऊन तात्यारावांना झापलं, जुना टेक पुसता येत नाही तर दुकान कशाला उघडलंत? ते म्हणाले, पाटी वाचली होतीत ना. मी विचारलं, आणि हे असंच सगळ्यांचं होतं? ते म्हणाले, "आपल्याआधी बरेच आले. सगळे नको-नकोच करायचे. आता बाहेर छान गातात. दिवाळीला फराळ आणून देतात." मग त्यांनी काचेतून आत बघितलं. आत कोणीच नव्हतं.

१२ नोव्हेंबर
पूर्वाने ऑफिसातला किस्सा सांगितला. विनोदी होता. मला हसू येत होतं, पण बाहेर काही आलं नाही. ती म्हणाली, असा काय बघतोस?

डेअरीवाल्याने तीनदा विचारलं, काय हवंय? पुणेरी माज म्हणून सोडून दिलं. मग घरी पूर्वाला हाक मारली. दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिला ऐकू गेली नाही.

भीती वाटते. हे लिहायला लाज वाटते, पण वाटते. जे जे नको म्हटलं ते गळ्यातून गेलंय.

१३ नोव्हेंबर
पूर्वाच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, तिकडे पुन्हा जाऊ नकोस, कर्वेनगरच्या त्या मुलाकडे जाऊ, तो निदान माणसासारखा बोलला होता. त्या सोफ्यावर? त्या भावा-भावा करणाऱ्याकडे मी हात पसरू?

माझे टेक माझे आहेत. उद्या जाऊन घेऊन येणार.

१४ नोव्हेंबर
खोलीत आहे. तात्याराव म्हणाले, आत जाऊन मागा. मागितलं. मग दार—

आतून उघडत नाही. ओरडलो. आवाज नाही. अजिबात नाही. म्हणून लिहितोय.

काचेपलीकडे कोणीतरी आलंय. माझा चौकड्यांचा शर्ट. मीच.

तात्याराव त्याला खुर्ची देतायत.

पूर्वा आली! मला शोधत आली. पूर्वा, इकडे— त्याने गुणगुणून दाखवलं. हेडफोनमध्ये ऐकू येतंय. दुसरी ओळ. फाटला. ती हसली. रडत रडत हसली. त्याचा हात धरला.

काच बडवतोय. हातोडे ऐकू येत नाहीत तिथे माझी मूठ काय—

वही काचेला लावली. तिने वर बघितलं. नजरेत ओळख नाही. तिच्या ओठांवरून कळलं, त्याला विचारतेय, आत कोण आहे?

त्याने बटणावर बोट ठेवलं. माझ्याकडे नीट बघतोय. कुठल्याही स्टुडिओकडे मी बघायचो तसा. म्हणतोय, सुरात आहे, पण मजा नाही.

दोन बोटं उचलली—

नको. पूर्वा, त्याला सांग, नको. तो म्हणतोय, हा टा—