कादंबरीला खळ

३ तारीख. सकाळी, जप झाल्यावर.
आजपासून रोज पंचवीस पानं वाचणार. आमच्या बिल्डिंगच्या बुक क्लबने नवी कादंबरी ग्रंथालयातून आणली आहे. प्रत एकच, घरोघर फिरणार. (सूचना माझीच. प्रत्येकीला वेगळं घ्यायला पुस्तक म्हणजे काय टूथब्रश आहे?) पहिली पाळी माझी. अध्यक्षबाई मुलीकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत. महिनाअखेर नवी अध्यक्ष निवडायची, आणि पुढची पुस्तकं तीच ठरवणार. मी मॅट्रिक असले तरी वाचनाला वळण लावणारं माणूस क्लबात दुसरं नाही. निवड माझीच होणार. फक्त इतरजणींना अजून माहीत नाही.

४ तारीख.
चार पानं झाली. डोळा लागला. लेखकाला जमलेलं नाही.

६ तारीख. दुपारी.
अरे देवा. नायिका खोलीचं दार लावून घेते, आणि पुढची ओळ: तिने पलंगावरची चादर ओढली. नवरा खोलीतच! तिथेच पुस्तक मिटलं. पुढे अक्षर वाचलं नाही. पण माझ्यानंतर हे डेंटिस्टबाईंकडे जाणार, मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे. त्यांच्या घरात लग्नाची मुलगी.

संध्याकाळी.
उपाय सुचला. कणकेची खळ शिजवली. दार लागतं तिथपासून पहाट होते तिथपर्यंतची पानं चिकटवून टाकली. डोळे किलकिले करून, न वाचता. हे म्हणाले, अगं, ग्रंथालयाचं पुस्तक आहे. मी म्हटलं, म्हणूनच. उरलेल्या खळीत यांच्या सदऱ्याची कॉलर कडक झाली.

९ तारीख.
आणखी तीन ठिकाणी दारं लागली. या लोकांना उघड्या दारात काही करताच येत नाही का? सगळं चिकटवलं. कादंबरी आता भराभर संपते.

१२ तारीख.
पुस्तक डेंटिस्टबाईंना दिलं. दुपारी जुन्या चादरी काढल्या. मधे विरल्या की मधून उभ्या कापायच्या, कडा आत घेऊन जोडायच्या. पुन्हा काही वर्षं बघायला नको. मशीन चालवताना भाषण तयार केलं. विषय: आजच्या कादंबरीतलं बंद दार.

२० तारीख.
जिन्यात वहिनी भेटल्या. म्हणाल्या, काकू, पुस्तक डेंटिस्टबाईंकडून आलं ते जरा दमटच होतं. माझा अंदाज, त्या चहाच्या आधणाशेजारी ठेवत असणार. एवढी शिकलेली बाई, वस्तूची कदर नाही. वहिनी हसू दाबत होत्या. माझ्यापुढे दडपण येतं त्यांना.

३० तारीख. रात्री.
सभा झाली. नायिकेचं पतन यावर बोलले. विचारलं, भर कादंबरीत चादर ओढणाऱ्या बाईकडून आमच्या मुलींनी काय शिकायचं? टाळ्यांसाठी थांबले.
डेंटिस्टबाईंनी पुस्तक उघडलं. चिकटवलेली पानं सुटी! वाफेवर धरली म्हणे. मोठ्याने वाचलं. नायिका दार लावते, कारण शिवणमशीनच्या आवाजाने सासूबाई उठतील. चादर मधे विरलेली. नवरा टोक धरतो, ती मधून उभी कापते, कडा आत घेऊन जोडते. पहाटेपर्यंत. वहिनी म्हणाल्या, मला तर वाटलं, काकू, तुम्हीच लिहिलंय. डेंटिस्टबाई म्हणाल्या, एवढी वाफ घालवून चादर निघाल्यावर पुढची दारं उघडायचा उत्साहच राहिला नाही.
मी म्हटलं, टोक धरायची पद्धत चुकली आहे. हशा थांबेना.
अध्यक्षपद डेंटिस्टबाईंकडे गेलं. माझ्यावर खास जबाबदारी: पुस्तकांना कव्हर घालणे. बाहेरून. बाहेरूनच, असं त्या दोनदा म्हणाल्या. विश्वास आहे माझ्यावर.

३१ तारीख. दुपारी.
ग्रंथालयाने पुस्तक परत घेतलं नाही. नवी प्रत घेऊन द्यावी लागली. खर्च ‘धर्मादाय’ खाली टाकला. जुनी प्रत आता माझी.
स्वयंपाकघराचं दार लावलं. भाताच्या वाफेवर पुस्तक धरलं. खळ किती टिकते एवढंच बघायचं होतं.
दुसऱ्या दाराआड: सासऱ्यांच्या गुडघ्याला तेल.
तिसऱ्या: प्रार्थना. मनोभावे. पानंच्या पानं. मी एरवीही उलटली असती.
चौथं उघडण्याआधी स्वयंपाकघराची कडी पुन्हा तपासली. तिथे नायिका एकटीच. घरचे नावं ठेवतील म्हणून दार लावून कादंबरी वाचत बसलेली.
एवढं जाड पुस्तक, आणि आत काही म्हणजे काही नाही! पैसे पाण्यात.
हे बाहेरून विचारत होते, दार का लावलंयस, आणि करपलेला वास कसला येतोय.