दिल्लीत विचारलेला तुझा प्रश्न

आई, तुझा प्रश्न सापडला. मी तो शोधत नव्हते. गेले सहा महिने मी त्या खासदारांच्या संसदेतल्या कामाची नोंद तयार करते आहे. सात वेळा निवडून आले ते. आता थकलेत, घरीच असतात, आणि त्यांच्या माणसांना त्यांच्यावर एक जाड पुस्तक काढायचं आहे. कोणत्या चर्चेत बोलले, कोणत्या समितीवर होते, कोणती खासगी विधेयकं मांडली आणि ती चर्चेला न येताच कशी बाद झाली, हे सगळं मी उतरवून घेते. एस्प्लनेडजवळच्या एका वाचनालयात सकाळी बसते ती चारला उठते. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याहून मी आता मोठी आहे. बारीक छपाई वाचून डोळे चुरचुरतात. मंत्र्यांची उत्तरं इतकी एकसारखी, की प्रश्न वाचला की उत्तर मला आधीच म्हणता येतं. परवा असंच पान उलटलं आणि तुझा प्रश्न समोर आला. अतारांकित, म्हणजे सभागृहात कुणी उभं राहून उत्तर न दिलेला, नुसता लेखी. सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं रोजंदारीवर काम करणाऱ्या स्त्रियांना कायम करण्याचा सरकारचा विचार आहे काय, असल्यास केव्हापर्यंत? खाली उत्तर: नाही. प्रश्न उद्भवत नाही.

बाबा गेल्यावर तू त्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली शिवायला लागलीस. हावड्याहून फेरीबोटीनं नदी ओलांडून जायचीस. तिथल्या बायका तुला ‘मराठी दीदी’ म्हणायच्या, आणि सगळ्यांच्या वतीनं खासदारांकडे जायचं ठरलं तेव्हा त्यांनी तुलाच पुढे केलं. अर्ज तू सांगितलास, मी इंग्रजीत लिहिला. मी तेव्हा नववीत. रविवारी सकाळी आपण दोघी त्यांच्या पक्षाच्या कचेरीत रांगेत उभ्या आहोत. तू इस्त्रीची साडी नेसली आहेस आणि दर दोन मिनिटांनी मला म्हणते आहेस, नीट उभी राहा. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. मग चष्म्यावरून तुझ्याकडे बघत हिंदीत म्हणाले, “कितने साल से?” तू सांगितलंस. “सदन में पूछूँगा,” ते म्हणाले. परतताना फेरीबोटीत तू माझा हात सोडला नाहीस. “आपला प्रश्न दिल्लीत जाणार,” असं तू त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत होतीस, अगदी मासळीवाल्यालासुद्धा.

त्याच सुमारास मामाचं पत्र आलं होतं. मिरजेला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकघरावर देखरेख करायला बाई हवी होती, राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. मामानं घाई केली होती. तू म्हणालीस, “दिल्लीहून ‘नाही’ आलं तर जाऊ. ‘हो’ आलं तर इथंच. पक्की नोकरी सोडून कुणी जातं का?” आणि मग खासदारांचं पत्र आलं. तू खाली पाट घेऊन तांदूळ निवडत बसली होतीस, स्टोव्हवर मसुराची आमटी होती. पाकीट हातात घेतलंस, उलटसुलट करून बघितलंस आणि माझ्याकडे दिलंस. “वाच. काय म्हणतात?” मी वाचलं. आत मंत्र्यांच्या उत्तराची प्रत होती आणि खाली त्यांच्या सहीच्या दोन ओळी, की मी शक्य ते केले. मी म्हणाले, “विचार चालू आहे म्हणतात.”

“म्हणजे नाही असं नाही ना?”

“नाही.”

तू पदराला हात पुसलेस आणि मामाला नकार कळवायला कार्ड मागितलंस. पुढं बारा वर्षं तू फायली शिवल्यास. त्या बायका पहिली काही वर्षं विचारत राहिल्या, मग विचारेनाशा झाल्या, मग त्यातल्या दोघी तुझ्याशी बोलेनाशा झाल्या, कारण आशा तू लावली होतीस. तू एकदाही चिडली नाहीस. “सरकारचा विचार सावकाश असतो,” म्हणायचीस. शेवटी सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा कचेरीवाल्यांनी तुला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

काल मी मसुदा घेऊन खासदारांकडे गेले. खिडकीशी बसले होते, गुडघ्यावर शाल. तुझ्या प्रश्नावर बोट ठेवून मी विचारलं, हा आठवतो का? त्यांनी बराच वेळ पान डोळ्यांजवळ धरलं. “नाही, मा,” ते बंगालीत म्हणाले, लेकीला म्हणतात तसं. मग म्हणाले, “त्या बायकांचं पुढं काही झालं?” मी म्हणाले, नाही. “मग हा काढून टाका.” मी पेन काढलं, तर त्यांनी हात वर केला. “थांबा. ज्या प्रश्नांचं काही झालं नाही ते सगळे काढले, तर पुस्तकात राहील काय?” हसले, पण दमून. त्यांच्या सुनेनं चहा आणला. त्यांच्यावर रागवायचं असं मी वाटेत ठरवलं होतं. जमलं नाही. त्यांनी विचारला होता, आई. उत्तरही इमानानं पाठवलं होतं. तो प्रश्न घेऊन आलेली बाई माझी आई, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

प्रश्न पुस्तकात ठेवलाय, उत्तरासकट. मराठीत लिहायला मला आता दुसरं कुणी उरलेलं नाही म्हणून हे तुला लिहिते आहे. पाठवायचं कुठं, हा प्रश्न, मंत्र्यांच्या भाषेत, उद्भवत नाही. तुझं मन मोडू नये म्हणून मी तेव्हा खोटं बोलले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. आदल्या मे महिन्यात मिरजेला मी ‘माझा पुस्तक’ म्हणाले, तेव्हा मामाच्या मुली पोट धरून हसल्या होत्या. त्यांच्यात मला राहायला जायचं नव्हतं.