सावलीत वाळवलेला भुईनिंब

बाबा,

खदानीतून आले की आधी हे वाचा. मी कॉलेजात चालली, मॅडमचा फोन आला. जमलं, बाबा! कोळशाची धूळ खाल्लेल्या ज्या उंदराईले आपल्या भुईनिंबाचा अर्क पाजला, त्याईचं लिवर बरंचसं वाचलं!

मागच्या खेपेले मीच घोळ घातला होता. तुमी सावलीत वाळव म्हणत होते, अन् मी स्लॅबवर पसरवला. दोन दिवसांत त्याच्यावर तेच काळं बसलं, म्हंजे औषधासंगं धूळही पाजली! यावेळचा तुमी खाटेखाली वाळवलेला होता. मॅडमले मी तुमचं नाव सांगतलं.

भात झाकून ठेवला हाये. फ्रिजमधल्या हिरव्या बाटलीले मात्र हात लावू नका. तो अर्क उंदराईसाठी हाये, माणसावर अजून तपासला नाई. कालपासून बाटली चार बोटं खाली गेली, ते मले दिसलं. अन् काऊन गेली, तेही आज समजलं. तांदळाच्या कोठीत तुमचा रक्ताचा रिपोर्ट सापडला.

आठ महिने मी उंदराईचं लिवर पाह्यत बसली बाबा, अन् घरातलं नाई पाह्यलं.

चार वाजता डॉक्टरकडे जायचं हाये, कपडे बदलून बसा. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये हाये. आता लपवाले काई उरलं नाई.

करिश्मा