आबांची बोट आणि आईचा बंब

पिंप्राळा, जळगाव
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप रतिलालभाऊ यांस,

प्रेमराजचा कंबर साथ देईल तेवढा वाकून नमस्कार. वहिनींची गुडघेदुखी कशी आहे? धुळ्याचं पाणी कितव्या दिवशी येतं? आबांना दुपारी झोप लागते का? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. आईचा बंबही माझ्याकडे आहे, त्याची काळजी नसावी. (दर दिवाळीला आपण आधी बंबाची चौकशी करता आणि मग माझी, म्हणून या वेळी क्रम मीच लावून घेतला.)

आपण फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितोय. मागचं पत्र आपण लाल शाईने तपासून परत पाठवलंत, दहापैकी साडेचार गुण देऊन. हेडमास्तरकी सुटून नऊ वर्षं झाली तरी शाई संपलेली नाही याचा आनंद आहे. हेही तपासा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

विषय भाऊबंदांतल्या डिंपलच्या साखरपुड्याचा आहे. पंगतीत आबा सवयीने सांगायला लागले की लग्नानंतर तीन-चार वर्षं ते कोकणच्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. तेव्हा आपण सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणालात, "आबांची बोट तापीच्या पुलाखालून गेली असेल." पंगत हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. आबांनी मात्र पुढ्यातली बट्टी कुस्करायची थांबवली. त्या दिवसापासून सात महिने झाले, आबांच्या तोंडून बोट हा शब्द निघालेला नाही. नव्वदीला आलेल्या माणसाकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती भाऊ, आणि ती आपण दोघांनी काढून घेतली. गावाने तर आधीच कधी विश्वास ठेवला नव्हता, कारण पावसाळ्यात किनाऱ्याच्या बोटी बंद असायच्या आणि आबा पेरणीला घरी यायचे. गावाने त्यांना कायम चिखलात पाहिलं, मग समुद्र कोण मानणार?

तेव्हाच ठरवलं की आबा ज्या इंजिनाला वाफ पुरवायचे ते इंजिन मी बनवणार. पाटावर मावेल एवढं, पण चालणारं. दीपनगरच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं टर्बाइनवर फिटरकी केली, तर हे काय मोठंसं, असं मला वाटलं. (हे वाक्य लाल शाईने खोडलंत तरी चालेल.)

जुन्या आगबोटीचं इंजिन म्हणजे तीन सिलिंडर, लहान, मधला आणि मोठा. एकच वाफ आधी लहानात राबते, तिथून दमून मधल्यात, आणि उरलासुरला जीव मोठ्यात. मी हे प्रमिलाला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, यात नवीन काय, सून म्हणून आले तेव्हापासून मी हेच करतेय. ओतीव काम भुसावळला करून घेतलं. कातकाम आणि बॉयलर आपल्या नूर महंमदने केलं. आपल्याला आठवत असेल, बाजारात भांड्यांना कल्हई करायचे त्यांचा मुलगा, आता स्वतः साठीचा आहे. बॉयलरला तांब्याचा जुना, जाड, अस्सल पत्रा मिळाला. असा पत्रा आता मिळत नाही. नूर महंमदने त्यावरून दोनदा हात फिरवला. मग चांदीच्या डाकाने असे जोड दिले की दुप्पट दाबाने पाणी भरून पाहिलं तरी थेंब गळला नाही.

कारखाना म्हणजे आमचं न्हाणीघर. दीपनगरची सवय अशी की परवानगीच्या कागदाशिवाय वाफेच्या जवळ जायचं नाही. म्हणून मी न्हाणीच्या दाराला पुठ्ठा लावला, काम चालू आहे, सहीशिवाय दार उघडू नये. एकदा पुठ्ठा तसाच ठेवून मी नूर महंमदकडे गेलो आणि त्याच्याशी बोलत बसलो. प्रमिला साडेतीन तास अंघोळीची थांबली. बाई नियमाची पक्की. मी आलो तेव्हा तिने शांतपणे माझी सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी तसाच पुठ्ठा स्वयंपाकघराच्या दाराला लावला. दोन दिवस मी खिचडीच्या गाडीवर जेवलो. तिसऱ्या दिवशी मीच माझा पुठ्ठा उतरवला, मग तिनेही उतरवला.

पहिली चाचणी गच्चीवर घेतली. आता इथे एक चूक झाली आणि ती जळगावचाच माणूस करू जाणे. आपल्याकडे कुठलीही वस्तू इकडून तिकडे न्यायची म्हटलं की हात आपोआप ठिबकच्या नळीकडे जातो. शेताला ती, कूलरला ती, महादेवाच्या पिंडीवर धारही तिचीच. तांब्याची नळी चार बोटं कमी पडली, तर मीही घरातला ठिबकचा तुकडा जोडून दिला. चौतीस वर्षं वाफेत काढलेल्या माणसाने. वाफ आली तशी ती नळी शेवईसारखी मऊ झाली, मान टाकली, आणि गरम पाणी, तेल, काजळी असं सगळं शेजारच्या दिपमालावहिनींच्या बिबड्यांवर उडालं. चार पायल्या ज्वारीचे ते पापड, आदल्या दिवशीच वाळत घातलेले. त्यांनी ते गोळा केले. संध्याकाळी त्यातले चार तळून आणले आणि माझ्यासमोर बसून मला खायला लावले. इंजिनाच्या तेलाची चव तीन दिवस जिभेवर होती.

मग नळी बदलली, सगळं इंजिन उकललं, पुन्हा जुळवलं. असं पाच वेळा. प्रमिला म्हणाली, आता पुरे, आबांना एखादी शाल घ्या. मी म्हटलं, शालीने बोट खरी होत नाही. सहाव्या वेळी, मागच्या मंगळवारी, इंजिन फिरलं. पण कसं, तर दर फेऱ्याला आतून ठक्क असा ठोका. बेअरिंग पाहिलं, दट्ट्या पाहिला, नूर महंमदने कान लावून पाहिलं. ठोका जाईना. अजून दहा मिनिटं चाललं असतं तर आतलं काहीतरी तुटलं असतं.

तेव्हा आपल्या घरी फोन लावला. (आपण भाजी आणायला गेला होता. वेळ बघूनच लावला.) वहिनींनी फोन आबांच्या चांगल्या कानाला दिला. मी काहीच सांगितलं नाही, नुसता फोन इंजिनाजवळ धरला. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, झोपले. मग आबा म्हणाले, "पोऱ्या, मोठा सिलिंडरमा पानी शे. खालनी तोटी उघाड."

तोटी उघडली. चमचाभर पाणी पडलं आणि ठोका गेला. नूर महंमदने हातातला पाना खाली ठेवला. मला तर लाज वाटली भाऊ, कारण वाफ सोडण्याआधी साचलेलं पाणी काढा, हे दीपनगरला येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मीच शिकवायचो. पण लाज नंतर वाटली, आधी डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाने इंजिनघर पाहिलेलंच नाही, तो चौऱ्याण्णव किलोमीटरवरून, एका कानाने, कुठल्या सिलिंडरमध्ये पाणी आहे हे कसं सांगेल? आपण गणित शिकवायचात. हे मांडून बघा.

आता मुद्द्यावर येतो. येत्या रविवारी आबांना घेऊन पिंप्राळ्याला या. साखरपुड्याच्या पंगतीतले सगळे भाऊबंद मी बोलावलेत, तेच, त्याच क्रमाने बसवणार आहे. वरण-बट्टी आहे. वहिनींना आठवणीने आणा.

आपला धाकटा,
प्रेमराज

ता. क. : आबांनी तोटीचं सांगून झाल्यावर विचारलं, खाली काय जाळतोस? मी म्हटलं, गॅस. ते म्हणाले, गॅसवर चहा करतात. तेव्हा रविवारी भट्टीत कोळसा असेल आणि तो आबाच टाकतील. त्यांनी निघायची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे असं वहिनी सांगत होत्या. आपल्याला दिसली असेल, विचारायचा धीर झाला नसेल.

ता. क. दुसरा : वर बंब माझ्याकडे आहे असं लिहिलं, ते खोटं नाही. फक्त तो आता बंबाच्या आकारात नाही. वाटणीत तो आपल्याकडे गेला होता आणि आपल्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून माझ्या माळ्यावर होता, हे मला पूर्ण माहीत होतं. आपल्याला विचारलं असतं तर आपण नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. गुण किती कापायचे ते कापा. आईने तीस वर्षं त्यात आबांच्या अंघोळीचं पाणी तापवलं, पुढचंही पाणी त्यातच तापेल.

ता. क. तिसरा, आणि खरा : बंबाचा थोडा पत्रा उरला होता. नूर महंमदने त्याचं एक फावडं करून ठेवलंय, आबांच्या तळहातात मावेल एवढं. बंब आपला, म्हणजे फावडंही आपलंच. म्हणून मी ते आबांना देणार नाही. रविवारी सगळ्यांसमोर ते आपणच त्यांच्या हातात द्यायचं. बोलायचं काहीच नाही, आबांना कळेल.