दोरी उतरवून ठेवा

ता. ९ एप्रिल

श्री. जावईबापू यांस आशीर्वाद.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. ठमीचा खोकला गेला, माझा गुडघा काही जात नाही. तुमच्या नव्या सौभाग्यवतींनाही आशीर्वाद सांगा. पहिल्या कागदावर हे लिहायचं राहून गेलं, म्हणून दुसरा घेतला.

परीक्षा संपली की ठमीला तुमच्याकडे नेणार, हे समजलं. फोनवर तुम्ही म्हणालात, "आई, तिरंदाजी काय, खेळच तो. इथे दुसरं काहीतरी लावू." दुसरं काहीतरी! मुलगी आहे, पडदे नव्हेत.

शाळा सुटली की मागच्या पटांगणात हा क्लब भरतो. आधी मीही नाक मुरडलं होतं. आई गेल्यापासून जी पोर वर्गातल्या मुलींना चावत सुटलीय, तिच्या हातात बाण? पण तिथल्या शिट्टीसरांचा नियम एकच: सगळ्यांचे बाण सुटून शिट्टी वाजेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. ठमी थांबते. शेजारचा लिंबूटिंबू नेम धरता धरता पेंगायला लागतो, तरी थांबते. कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी 'पाठ ताठ' म्हणत दहा वर्षं मला पट्ट्या मारल्या, मी वाकडी ती वाकडीच. हिला धनुष्यानं न बोलता सरळ केलं. चावणं बंद झालं. रात्री झोपते. परवा बाण गवतात हरवला तर म्हणाली, "गेला तो, आजी. आता पुढचा." मला अजून हे जमलेलं नाही.

म्हणून म्हणत होते, निदान वर्षभर तरी तिला इथे... असो. तुम्ही बाप. बापापुढे आजीचं काय चालणार? भांडायला तोंड आहे माझ्याकडे, हक्क नाही.

एक काम मात्र माझं होतं. सराव झाला की धनुष्याची दोरी उतरवावी लागते, नाहीतर ताणून ताणून त्याचा जोर जातो. ठमी पाय अडकवून धनुष्य वाकवायची, मी वरचा फास सोडवायची. तेवढ्यासाठी हा गुडघा घेऊन रोज जात होते.

काल हात पुढे केला तर म्हणाली, "थांब. बघ नुसती." दातओठ खाऊन एकटीनं फास सोडवला. बोट सोलवटलं.

"अगं भवाने, मी आहे ना इथे?"

"तिथे नसशील ना. म्हणून शिकून ठेवलं."

केव्हापासून शिकत होती, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

तेव्हा विनंती राहिली बाजूला. एक सूचना तेवढी ऐका. सरांनी क्लबचं जुनं धनुष्य तिला दिलंय. ते कपाटावर टाकू नका, कुठे तरी पटांगण शोधा. आणि रोज संध्याकाळी, "दोरी उतरवलीस का गं?" एवढं विचारत जा. तिला येतं. तरी विचारा.

ठमीची आजी,
आणि अजून तरी तुमची सासू